चित्रकार्ड उघडं पाठवावं की पाकिटात घालून?

संग्रहासाठी कार्ड हवं असेल तर उघडंच पाठवा. तिकीट, टपालाचा शिक्का आणि पत्ता एकाच कार्डावर राहतो. पाकिटातून आलेलं कार्ड कोरंच राहतं, शिक्का पाकिटावर पडतो.

उघड्या कार्डाला मात्र तयारी लागते. कागद २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) घ्या, पातळ असला तर कोपरे दुमडतात. मागे डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता आणि वर तिकीट. जेल पेनची शाई गुळगुळीत कागदावर लवकर सुकत नाही, हात लागला की फासते. तिथे बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर बरा. तळाशी बोटभर जागा कोरी सोडा, परदेशात बारकोड बरेचदा तिथेच पडतो आणि शेवटची ओळ गिळतो. (सही नेमकी तिथेच असते!) तिकिटाच्या कडांनाही गोंद लावा, नाहीतर ते वाटेतच सुटतं.

पाकीट घ्यायचं ते जुनं, दुर्मीळ किंवा चकचकीत कार्ड असेल तर, आणि पावसाळ्यात. १०५ × १४८ मिमीचं कार्ड ११४ × १६२ मिमीच्या पाकिटात नीट बसतं. दर पत्राचा लागतो, पोस्टकार्डाचा नव्हे. कमी तिकीट लावलं तर भुर्दंड घेणाऱ्याच्या माथी येऊ शकतो.