वाल दे बोई : नऊ चर्चं, तीन दिवस आणि गाडी वाहनतळावरच

स्पेनच्या कातालुन्यात, पिरेनीजच्या दक्षिण उतारावर वाल दे बोई हे खोरं आहे. मधून नोगेरा दे तोर नदी वाहते, दोन्ही अंगांना लहान लहान गावं आहेत आणि या गावांत मिळून 11व्या-12व्या शतकातली नऊ चर्चं. 2000 साली युनेस्कोने ही नऊही चर्चं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. बहुतेक पर्यटक गाडीने थेट ताऊल गावात जातात, सान क्लिमेंत बघतात, मनोऱ्यासोबत फोटो काढतात आणि जेवायच्या वेळेला खोऱ्याबाहेर पडतात. यात तोटा त्यांचाच. ही चर्चं आतून लहान आहेत, एकेक पंधरा-वीस मिनिटांत बघून होतं. ती इथे, या उंचीवर, अशी का बांधली, हे मात्र एका गावातून दुसऱ्या गावात चालत गेल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी लागणाऱ्या जुन्या पायवाटा आजही चांगल्या अवस्थेत आहेत.

येण्याचा रस्ता सोपा आहे. येइदाहून एन-230 महामार्गाने एल पोंत दे सुएर्तपर्यंत यायचं आणि तिथून थोडं पुढे एल-500 हा खोऱ्यात शिरणारा फाटा घ्यायचा. बस एल पोंत दे सुएर्तपर्यंत मिळते. त्यापुढची बससेवा विरळ आहे आणि हंगामाबाहेर तिच्यावर विसंबून दिवस आखू नये. गाडी असेल तर ती बार्रुएरात किंवा बोईत एकदा लावावी आणि विसरावी. गावांतल्या गल्ल्या दगडी आणि अरुंद आहेत, तिथे गाडी घालणं म्हणजे आपणहून डोकेदुखी ओढवून घेणं.

पहिल्या दिवसासाठी बार्रुएरा ते दुर्रो ते बोई ही वाट निवडावी. बार्रुएरा सुमारे 1,100 मीटरवर आहे, दुर्रो जवळपास 1,400 मीटरवर. नदीकाठचं सान फेलिउ चर्च बघून सकाळी लवकर निघालं की तासाभराच्या सरळ चढणीने दुर्रो येतं. वाट रुंद आहे, बरीचशी दगडी बांधांमधून जाते आणि चुकायला फारसा वाव नाही. दुर्रोच्या चर्चचा घंटामनोरा गावाच्या मानाने अवाढव्य वाटतो. दक्षिणेकडचा कमानींचा ओटाही बघण्यासारखा आहे.

गावाच्या वर, 1,500 मीटरच्या आसपास, सान किर्कचं एकुटवाणं देऊळवजा चर्च आहे. अर्ध्या-पाऊण तासाची वाट आहे. एक दालन, एक अर्धगोल गाभारा, छोटीशी घंटाकमान, बाकी काही नाही. ते बहुतेक वेळा बंद असतं, त्यामुळे आतलं बघायच्या अपेक्षेने चढू नये. इथे यायचं ते खोरं बघायला. गावं कशी सपाट शेतजमीन सोडून कडेच्या उतारावर बसली आहेत, ते इथून स्पष्ट दिसतं. या चर्चच्या वेदीसमोरची रंगवलेली फळी आता बार्सिलोनात आहे. तीवर संत किर्क आणि त्याची आई जुलिता यांचे छळ चार चौकटींत दाखवले आहेत. एका चौकटीत करवतीने कापताहेत, दुसरीत कढईत उकळताहेत, आणि दोघांच्या चेहऱ्यावर तसूभरही वेदना नाही.

दुर्रो ते बोई ही दीड-दोन तासांची वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जाते. चढ-उतार माफक आहेत, पण पावसानंतर पाटीच्या दगडाचे ओले तुकडे आणि सावलीतलं शेवाळ घसरवतं. साधे स्पोर्ट्स शूज इथे दगा देतात, खाचा असलेल्या तळाचे बूट हवेत. उतारावर काठीचा उपयोग होतो. सान किर्क धरून दिवसाचं अंतर 10 किलोमीटरच्या आसपास भरतं आणि चढ 500 मीटरच्या आगेमागे. रोज चालायची सवय असलेल्याला पाच तास पुरेत.

खुणांची पद्धत एकदा समजून घेतली की नकाशा फारसा काढावा लागत नाही. लाल-पांढरे पट्टे म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळे-पांढरे म्हणजे मध्यम पल्ल्याची, हिरवे-पांढरे म्हणजे स्थानिक छोटी वाट. दोन समांतर आडवे पट्टे असले की सरळ चला, फुली दिसली की ही वाट तुमची नाही. गडबड होते ती गावातून बाहेर पडताना. खुणा गल्लीच्या कोपऱ्यावर, कुंपणाच्या दगडावर किंवा विजेच्या खांबावर असतात आणि उभ्या केलेल्या गाडीमागे झाकल्या जातात. दहा मिनिटं एकही खूण दिसली नाही तर मुकाट्याने शेवटच्या खुणेपर्यंत मागे यावं. अल्पिना प्रकाशनाचा 1:25,000 प्रमाणाचा कागदी नकाशा जवळ असू द्यावा, कारण घळींमध्ये मोबाइलची रेंज जाते.

दुसरा दिवस एरील, बोई आणि ताऊलचा, आणि तो वेळापत्रक बघूनच आखायचा. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते चढणीला नाही, दुपारच्या सुट्टीला. चर्चं साधारण दोन ते चार बंद असतात. सकाळी उशिरा निघालेला माणूस ताऊलला दोन वाजता पोहोचतो आणि बंद दारासमोर दोन तास बसतो. दारावर ‘तांकात’ लिहिलं असेल तर बंद, ‘ओबेर्त’ असेल तर उघडं. कातालान भाषेतले एवढे दोन शब्द आले तरी काम भागतं.

म्हणून सुरुवात एरील ला वालपासून, दार उघडताच. सांता एउलालियाचा घंटामनोरा सहा मजली आणि खोऱ्यातला सगळ्यात सडपातळ. मनोऱ्याच्या भिंतीवरून नजर वर न्या. प्रत्येक मजल्यावर छोट्या आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, कमानींची ओळ आहे आणि तिला कोपऱ्यांवरच्या उभ्या पट्ट्यांनी जोडलं आहे. ही उत्तर इटलीतल्या लोंबार्दियाच्या गवंड्यांची पद्धत. आतला लाकडी मूर्तिसमूह येशूला क्रुसावरून उतरवतानाचा आहे. सात मूर्ती 1907 साली इथे सापडल्या. आता पाच विक शहराच्या संग्रहालयात आणि दोन बार्सिलोनात आहेत, समोर उभ्या आहेत त्या प्रतिकृती. याच गावात सेंत्रे देल रोमानिक हे माहिती केंद्र आहे. अनेक चर्चंचं एकत्रित तिकीट काढावं, सुटी तिकिटं महाग पडतात. खोऱ्याच्या खालच्या टोकाच्या कार्देत आणि कोल गावांतली चर्चं रोज उघडी नसतात. ती आतून बघायची असतील तर इथेच विचारून ठरवावं. कार्देतच्या चर्चला उतारामुळे गाभाऱ्याखाली तळघर करावं लागलं, तर कोलचं दार कोरीव आहे. हातात वेळ असेल तरच ही दोन धरावीत.

एरीलहून नदीपर्यंत उतरायचं, पूल ओलांडायचा आणि बोईला चढायचं. अर्धा तास लागतो. सान जोआनमध्ये भिंतींवर पुन्हा गिलावा आणि रंग चढवला आहे. उघड्या दगडाचं चर्च हेच मूळ रूप, असं वाटत असेल तर इथे तो समज मोडतो. संत स्टीफनला दगडांनी मारतानाचं चित्र आणि विचित्र प्राण्यांची रांग बघायला हवी. पुढे बोई ते ताऊल ही जुनी वाट सुमारे 200 मीटर चढते. चांगली चढण आहे, पाऊण तास धरावा. गाडीरस्ता वळणं घेत येतो, ही वाट ती वळणं कापत जाते.

ताऊलच्या दोन चर्चंच्या तारखा नेमक्या माहीत आहेत. सान क्लिमेंतचा अभिषेक 10 डिसेंबर 1123 रोजी झाला आणि सांता मारियाचा दुसऱ्याच दिवशी. सान क्लिमेंतची तारीख तिथल्या खांबावर रंगवून ठेवली होती. एवढ्याशा गावात लागोपाठ दोन दिवशी दोन मोठी चर्चं, म्हणजे हातात पैसा होता. एरीलचे सरदार शेजारच्या आरागोन राज्याच्या राजाबरोबर दक्षिणेतल्या मुस्लिम राज्यांवरच्या मोहिमांवर जात आणि तिथली लूट इकडे दगडात बसली.

आता तक्रारीचा मुद्दा. इथल्या भिंतींवरची बहुतेक खरी चित्रं इथे नाहीत. 1919 ते 1923 या काळात इटालियन कारागीर बोलावून ती काढण्यात आली. सांता मारिया दे मुर या दुसऱ्या चर्चची चित्रं विकली गेली आणि बोस्टनला पोहोचली, पुढची जाऊ नयेत म्हणून ही घाई. रंगावर सरसाने कापड चिकटवायचं, सुकलं की रंगाच्या थरासकट ओढून काढायचं, गुंडाळी करून खेचरावर लादायचं. आज ती बार्सिलोनाच्या माँजुइक टेकडीवर, कातालुन्याच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहेत. त्यामुळे क्रम उलटा ठेवावा: आधी संग्रहालय, मग खोरं. तिथे सान क्लिमेंतच्या भिंतीवरला लाझारस, म्हणजे बायबलमधल्या गोष्टीतला भिकारी, जवळून बघा. दाराशी बसलेला, अंगभर फोड, आणि कुत्रा जीभ काढून पायाचे फोड चाटतोय. हे डोक्यात ठेवून सान क्लिमेंतला गेलं की तिथलं प्रक्षेपण अर्थपूर्ण वाटतं. गाभाऱ्यात पूर्वी रंगवलेली नक्कल होती. ती 2013 साली काढली आणि आता भिंतीवर उरलेल्या अस्सल तुकड्यांवर प्रकाशाने चित्र भरत जातं: आधी रेषा, मग रंग, शेवटी हातात पुस्तक घेतलेला ख्रिस्त. नकलेपेक्षा हे शंभर पटींनी प्रामाणिक आहे. गर्दीच्या वेळी मात्र मागे उभं राहिलं तर खांब आड येतात, तेव्हा मधल्या दालनात पुढे जागा धरावी. एक खेळ सुटला तर पुढच्यासाठी थांबावं, ते चुकवून इथून निघण्यात अर्थ नाही. मनोऱ्यावर लाकडी जिन्याने चढता येतं, पाठीवरची मोठी पिशवी खालीच ठेवा. सांता मारिया गावाच्या मधोमध आहे आणि तिथे अजून प्रार्थना चालते. आत गेल्यावर आवाज खाली ठेवावा.

तिसरा दिवस आइग्वेस्तोर्तेस राष्ट्रीय उद्यानाला द्यावा. खासगी गाड्या आत नेता येत नाहीत. बोईतून फोर-व्हील ड्राइव्ह टॅक्सी वरच्या पठारापर्यंत, सुमारे 1,820 मीटरवर सोडतात. सगळ्यात शहाणा पर्याय म्हणजे वर जाताना टॅक्सी आणि येताना पायी. लाकडी फळ्यांच्या वाटेने पठार फिरून एस्तान्य योंग तलावापर्यंत जाऊन यायचं, मग येब्रेता तलाव आणि धबधब्याच्या बाजूने खाली उतरायचं. टॅक्सीच्या शेवटच्या फेरीची वेळ जातानाच विचारून ठेवावी. तलावांत उतरायला आणि तंबू ठोकायला बंदी आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर वीज-पावसाचा जोर होतो, म्हणून वरचा भाग दोनच्या आत उरकावा. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत गावोगावी ‘फाय्येस’ म्हणजे पेटत्या ओंडक्यांची मिरवणूक डोंगरावरून उतरते. बघण्यासारखी आहे, पण त्या आठवड्यांत राहायची जागा आधीच ठरवलेली हवी. चालायला सप्टेंबर सगळ्यात बरा. हिवाळ्यात दुर्रो-बोई वाटेवर भुसभुशीत आणि काचेसारखा गोठलेला बर्फ राहतो, तेव्हा सरळ गाडीरस्ता घ्यावा. गावातल्या कारंजाचं पाणी भरता येतं, पण ‘नो पोताब्ले’ अशी पाटी असेल तिथे भरू नये. मदतीचा क्रमांक 112.