मुंबईचा सर्व्हर की बेंगळूरचा? बेळगावातून व्हर्च्युअल मशीन घेताना

भाच्याचा फोन आला तेव्हा मी खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात बसलो होतो. जुलैचा पाऊस, सकाळपासून वीज नाही, यूपीएस कधीच संपलेला. सगळ्या पुस्तकांची यादी त्या एका संगणकात. त्यामुळे कोणतं पुस्तक कुणाकडे गेलंय ते कुणालाच सांगता येईना. भाचा इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "मामा, प्रोजेक्टला क्लाउडवर मशीन घ्यायचंय. कुठलं घेऊ सांगा की." वाचनालयाच्या खजिनदारकाकांनी फोनवरचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "आमची यादी पण तिकडं ठेवता येईल काय हो?"

दोघांना मी वेगवेगळं उत्तर दिलं, आणि का दिलं ते इथे लिहितो आहे.

क्लाउडवरचं मशीन, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, हा दूरच्या डेटा सेंटरमधल्या मोठ्या संगणकाचा भाड्याने घेतलेला तुकडा. प्रोसेसरचा काही वाटा, थोडी मेमरी, थोडी डिस्क आणि इंटरनेटवरचा एक पत्ता. त्याऐवजी घरचा जुना पीसीच चालू ठेवला तर? वीज जाते हे एक. दुसरं म्हणजे बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, म्हणून बाहेरून त्या पीसीपर्यंत पोचताच येत नाही. तो विचार सोडून द्या.

आता मुंबई की बेंगळूर. अशी मशीनं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांपैकी ॲमेझॉनचं केंद्र मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहे. गूगल क्लाउड मुंबईत २०१७ ला आलं, दिल्लीत २०२१ ला. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरचं 'सेंट्रल इंडिया' म्हणजे पुणे, आपल्याला रस्त्याने सगळ्यात जवळचं. ओरॅकल मुंबईत आणि हैदराबादेत, डिजिटलओशन बेंगळूरला. मुंबईचं नाव निघालं की आमच्या भागात मन तिकडे ओढ घेतं, माझंही घेतं. पण या निवडीत त्याला वजन देऊ नका. बेळगाव दोन्ही शहरांपासून पाचशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तेवढं अंतर जाऊन यायला ५ मिलिसेकंद. तुमची इंटरनेट कंपनी वाहतूक कुठल्या शहरातून फिरवते यानेच त्याहून जास्त फरक पडतो. अमेरिकेतलं मशीन मात्र टाळा. तिथे जाऊन यायला दोनशे मिलिसेकंदांच्या वर जातात आणि प्रत्येक क्लिकला ते जाणवतं. गूगलचं कायम फुकट असलेलं ई-२ मायक्रो नावाचं अगदी लहान मशीन अमेरिकेतल्या तीनच केंद्रांत मिळतं. मुंबईत तेच घेतलं तर पैसे पडतात. हे न वाचता मशीन उभं करणारे मी पाहिले आहेत.

खरा फरक बिलात आहे, आणि तिथे मी सावकाश जाणार आहे.

पहिला प्रश्न: मशीन बंद केलं की मीटर थांबतो का? ॲमेझॉनच्या ईसी-२ या व्हर्च्युअल मशीनच्या सेवेत थांबतो, पण डिस्कचं भाडं चालू राहतं. ॲझ्युरमध्ये मशीनच्या आत शिरून शटडाउन केलं तर मीटर थांबत नाही; ॲझ्युरच्या वेबपोर्टलवरून 'स्टॉप' करून ते 'डीॲलोकेटेड' (म्हणजे भाड्याचा तुकडा कंपनीला परत केलेला) दिसलं पाहिजे. डिजिटलओशनमध्ये मशीन बंद असलं तरी पूर्ण भाडं लागतं, काढून टाकलं तरच थांबतं. ॲमेझॉनच्याच लाइटसेल या ठरावीक भाड्याच्या सेवेचंही तसंच. रात्री दिवा मालवावा तसं मशीन बंद करून निजणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक महिनाअखेरीस कळतो. मलाही असाच कळला होता. एका कंपनीकडचं मशीन मी काढून टाकलं, पण त्याची सुटी डिस्क आणि राखून ठेवलेला आयपी पत्ता तसाच राहिला. तीन महिने पैसे जात होते. आता मशीन काढलं की दुसऱ्या दिवशी बिलाचं पान उघडून बघतोच.

दुसरा प्रश्न: जाहिरातीतल्या भावात काय धरलेलं नाही? ॲमेझॉन १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-४ (जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या प्रकारच्या) पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर घेते, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरहून थोडं जास्त. लहान मशीनला हे खूप झालं. शिवाय ईसी-२ मधल्या टी-३ जातीच्या मशीनचा प्रोसेसर थोडाच वेळ पूर्ण ताकदीने चालेल असा हिशोब असतो. त्यापुढे तो उधारीवर चालतो आणि ती उधारी बिलात येते. डिजिटलओशन आणि लाइटसेल इथे सरळ आहेत. पत्ता, डिस्क आणि ठरावीक डेटा मिळून एक आकडा. १ जीबी मेमरीचं मशीन डिजिटलओशनकडे महिन्याला ६ डॉलर, लाइटसेलकडे ७. २ जीबीचं दोन्हीकडे १२. लाइटसेलच्या मुंबई केंद्रात डेटाची मुभा इतर बहुतेक केंद्रांच्या निम्मी असते, पण वाचनालयाला तीही संपणार नाही. वर १८ टक्के जीएसटी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याने कर्नाटकाचा, २९ ने सुरू होणारा आपला जीएसटी क्रमांक खात्यात भरला तर तो कर पुढे वळता करता येतो. वाचनालयाला मात्र तो निव्वळ खर्च.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तुलनेच्या तक्त्यांत तो सहसा नसतो: पैसे कोण आणि कशाने भरणार? परदेशी कंपनीला कार्डावरून दरमहा पैसे द्यायचे तर कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावे लागतात, ई-मँडेट (दरमहा पैसे आपोआप कापायची परवानगी) द्यावा लागतो, आणि १५,००० रुपयांवरच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी. आमच्या सीमाभागात गावोगावच्या संस्थांची खाती पतसंस्थेत नाहीतर लहान सहकारी बँकेत. असलं कार्ड तिथे कुठून येणार? मग कुणीतरी तरुण कार्यकर्ता स्वतःचं कार्ड लावतो, दोन वर्षांत नोकरीला पुण्याला जातो, कार्डाची मुदत संपते आणि एके दिवशी यादी गायब होते. भारतातलं ॲमेझॉन खातं रुपयांत बिल देतं आणि यूपीआय ऑटोपे घेतं. माझ्या लेखी ही सोय एक जीबी जास्त मेमरीपेक्षा मोठी आहे.

फुकटाचं काय, हे भाच्याने पहिल्याच मिनिटाला विचारलं होतं. ओरॅकलची कायम-फुकट योजना कागदावर सगळ्यांना मागे टाकते. २०२१ मध्ये तिने एआरएम जातीच्या प्रोसेसरचे ४ कोर (स्वतंत्र काम करणारे भाग) आणि २४ जीबी मेमरीपर्यंत फुकट द्यायला सुरुवात केली. पण खातं उघडताना निवडलेलं 'होम रीजन' (आपलं मुख्य केंद्र) नंतर बदलता येत नाही, आणि 'आउट ऑफ होस्ट कपॅसिटी' (म्हणजे जागा शिल्लक नाही) हा संदेश पुन्हा पुन्हा येऊ शकतो. आणखी एक नियम नीट वाचावा असा आहे: सात दिवस मशीनचा प्रोसेसर, नेटवर्क आणि मेमरी यांचा वापर वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर ते रिकामं धरून ओरॅकल परत घेऊ शकते. दिवसाला तीस-चाळीस माणसं येणाऱ्या वाचनालयाचं मशीन या व्याख्येत रिकामंच ठरणार! खातं पैसे देणाऱ्या प्रकारात बदललं तर हा नियम लागत नाही. शिकायला ओरॅकल उत्तम. ज्याची दुसरी प्रत नाही अशी वस्तू तिथे ठेवू नका.

विद्यार्थ्याला मी ॲझ्युर किंवा ॲमेझॉन सांगतो. ॲझ्युरची विद्यार्थी योजना कॉलेजच्या ईमेलवर क्रेडिट कार्डाशिवाय १०० डॉलर देते, वर्षभरासाठी. ॲमेझॉनने १५ जुलै २०२५ पासून नव्या खात्यांची पद्धत बदलली: सुरुवातीला १०० डॉलर, काही कामं करून दाखवली की आणखी १०० पर्यंत, आणि फुकट योजना सहा महिन्यांत किंवा रक्कम संपली की बंद. जुन्या वर्षभराच्या योजनेत चुकून बिल यायचं, ही भीती आता फुकट योजनेत नाही. नोकरीच्या मुलाखतीत ही दोनच नावं जास्त विचारली जातात, हेही आहे. भाच्याने ॲझ्युर घेतलं, कारण त्याच्याकडे कार्ड नव्हतं.

मशीन उभं करणं सगळीकडे दहा मिनिटांचं काम आहे. केंद्र निवडा, उबुंटू २४.०४ (लिनक्स प्रकारची ऑपरेटिंग सिस्टिम) निवडा, आकार निवडा, एसएसएच किल्ली (दुरून मशीनमध्ये शिरायची डिजिटल किल्ली) द्या. अडखळायच्या जागा मात्र वेगळ्या. ॲमेझॉनची खाजगी किल्ली एकदाच उतरवून मिळते. हरवली तर तीच परत मिळत नाही. डिजिटलओशनचं मशीन फायरवॉलशिवाय (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीशिवाय) येतं, ती तुम्हीच लावायची. ओरॅकलच्या उबुंटूत वेबसाइट उघडत नाही म्हणून मुलं रात्र घालवतात, कारण ८० क्रमांकाचं पोर्ट (वेबसाइटचं दार) त्यांनी ओरॅकलच्या वेबवरच्या कन्सोलमध्ये उघडलेलं असतं, पण मशीनच्या आत आयपीटेबल्स या आतल्या फायरवॉलचे नियम वेगळे बसलेले असतात. दोन्हीकडे उघडावं लागतं. गूगलचं एक मला मनापासून आवडतं: ब्राउझरमधल्या बटणावरून थेट मशीनमध्ये शिरता येतं. ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही, त्याला सायबर कॅफेत बसूनही काम करता येतं.

उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या कारखानदाराला हिशोबाचं सॉफ्टवेअर तीन ठिकाणांहून चालवायचं होतं. ते विंडोजवर चालणारं, त्यामुळे तिथे गणितच पालटतं. डिजिटलओशन विंडोज देत नाही. १ जीबीत विंडोज सर्व्हर रखडतो, ४ जीबीच्या खाली जाऊ नये, आणि परवान्याचं भाडं तासाच्या दरात मिसळलेलं असतं. त्यांना मी ॲझ्युरचं पुणे केंद्र सुचवलं. संध्याकाळी मशीन डीॲलोकेट करण्याचं वेळापत्रक लावून दिलं, आणि रिमोट डेस्कटॉपचं (दुरून विंडोज वापरायचं) ३३८९ पोर्ट फक्त कारखान्याच्या आयपी पत्त्यालाच उघडं ठेवलं. ते सगळ्या जगाला उघडं ठेवलं तर पासवर्ड फोडू पाहणारे प्रोग्रॅम काही तासांत दारावर येतात.

वाचनालयाला शेवटी लाइटसेल घेतलं, मुंबई केंद्र, २ जीबी. आत कोहा बसवलं; हे वाचनालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर २००० सालापासून वापरात आहे. लहान संग्रहाला २ जीबी आणि सोबत थोडा स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) पुरतो. अवघड गेलं ते जुन्या यादीचं काम. मराठी पुस्तकांची नावं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, कन्नड पुस्तकांची आणखी वेगळ्याच. दोन्ही युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणायला मशीन उभं करण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस गेले. हे कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी चुकणार नाही. नव्या सर्व्हरवर देवनागरी आणि कन्नड फॉन्ट नसले तर छापील पावतीवर नुसते चौकोन उमटतात, ते आधी बसवून घ्या. घड्याळही यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं. भारतीय वेळ (यादीत ती कोलकात्याच्या नावाने असते) लावली नाही तर पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हर कालचीच तारीख धरून बसतो.

खातं कुणाच्याही वैयक्तिक ईमेलवर उघडलं नाही, वाचनालयाच्या नावाने नवा ईमेल केला. मुख्य खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली. एसएसएच किल्लीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून सभासद नोंदवहीसोबत लोखंडी कपाटात ठेवली. दर रविवारी यादीची प्रत वाचनालयाच्या जुन्या संगणकात उतरवली जाते, वीज असेल तेव्हा. यूपीआय खजिनदारकाकांच्या फोनवर आहे. पुढच्या निवडणुकीत खजिनदार बदलले तर नव्या माणसाच्या फोनवर ते कसं न्यायचं, हे मी एका कागदावर मराठीत लिहून त्याच कपाटात ठेवलं आहे.