साठ दिवसांनंतरची भूक: डिस्नी वर्ल्डच्या आगाऊ बुकिंगचा अनुभव

आधीच सांगते, हा रिव्ह्यू फ्लोरिडातल्या ऑर्लंडोजवळच्या डिस्नी वर्ल्डचा नाही. राइड, परेड, फटाके यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितेय ते तिथे पोचण्याआधी जे काम करावं लागतं त्याबद्दल. माय डिस्नी एक्स्पीरियन्स हे अ‍ॅप, त्यातलं जेवणाचं बुकिंग, लाइटनिंग लेन म्हणजे पैसे भरून मिळणारी छोटी रांग, आणि या सगळ्यांच्या तारखा सांभाळणारी माझी एक्सेल शीट. उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत हे सगळं वापरून झालं. माणसं सहा: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, पाच वर्षांचा मुलगा आणि कोल्हापूरहून आलेले सासू-सासरे.

नोव्हेंबरच का, हे न्यू जर्सीत राहणाऱ्यांना सांगायला नको. इथल्या शिक्षक संघटनेचं अधिवेशन महिन्याच्या सुरुवातीला अटलांटिक सिटीत भरतं, गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात आणि बऱ्याच गावांत त्याला लागून आणखी एखाद-दुसरी सुट्टी मिळते. मग अर्धं एडिसन गाव ऑर्लंडोच्या विमानात. डिस्नीच्या जाणकारांत त्या आठवड्याला 'जर्सी वीक' असं नावच पडलंय. म्हणजे गर्दी नसते म्हणून आपण जी तारीख निवडतो, ती आपल्या शेजाऱ्यांनीही त्याच कारणासाठी निवडलेली असते.

आता या आखणीचं वेळापत्रक. डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना जेवणाची टेबलं चेक-इनच्या ६० दिवस आधी खुली होतात, तीही एकदम पुढच्या दहा दिवसांपर्यंतच्या मुक्कामाची. बाहेर राहणाऱ्यांनी प्रत्येक दिवसासाठी वेगळे ६० दिवस मोजायचे. वेळ सकाळी ६ ची. लाइटनिंग लेन हॉटेलवाल्यांना चेक-इनच्या ७ दिवस आधी सकाळी ७ वाजता, बाकीच्यांना ३ दिवस आधी. तिचा मल्टी पास घेतला तर एका पार्कातल्या तीन राइड आधी ठरवायच्या, प्रत्येकीपाशी पोचायला एका तासाचा अवधी मिळतो. मॅजिक किंगडम या पार्कात राइडचे दोन गट केलेत. पहिल्यातली एक घ्यायची, दुसऱ्यातल्या दोन. जंगल क्रूझ आणि पीटर पॅन दोन्ही पहिल्या गटात, म्हणजे एकीवर पाणी सोडायचं. राइज ऑफ द रेझिस्टन्स, फ्लाइट ऑफ पॅसेज अशा बड्या राइडना सिंगल पास वेगळा, त्याचे पैसे वेगळे. दर तारखेप्रमाणे आणि पार्काप्रमाणे बदलतात.

वाचून दमलात? मी हे तोंडपाठ म्हणू शकते. ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्यामुळे नियमांच्या जंजाळाची मला भीती नाही, उलट आवडच आहे. माझी तक्रार गुंतागुंतीबद्दल नाही. हे सगळं माणसांच्या बाबतीत ठरवायचं असतं, आणि माणसांचं दोन महिने आधी काही ठरलेलं नसतं, ही खरी अडचण आहे.

सप्टेंबरमधल्या एका रात्री मी सासूबाईंना विचारलं, "आई, गुरुवारी दुपारी तुम्हाला काय खायला आवडेल?"

"कुठल्या गुरुवारी?"

"नोव्हेंबरातल्या."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "अगं, दोन महिन्यांनी मला कशाची भूक लागंल ते आज कसं सांगू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांनी आपला तोडगा काढला, "टेबल मिळालं तर खाऊ, नाही तर चिवडा न्हेऊ." मुलांसाठी मी मिकी-मिनी टेबलापाशी येऊन भेटतात तसलं एक जेवण पकडलं. पहाटे उठून, दोन फोन आणि लॅपटॉप समोर ठेवून. पुढे कालनिर्णय उघडलं तर त्या दिवशी नेमकी संकष्टी. आईंचा उपास चंद्रोदयाला सुटणार आणि आमचं बुफे दुपारचं! पाचजणांचं करून घेतलं. इथे एक श्रेय देते: दोन तास आधीपर्यंत बुकिंग फुकट रद्द करता येतं. न सांगता गैरहजर राहिलात तर मात्र माणशी १० डॉलर.

मुलांच्या बाबतीत तर याहून वाईट. फ्लाइट ऑफ पॅसेजला उंचीची अट ४४ इंच आहे, स्पेस माउंटनला तेवढीच, स्लिंकी डॉगला ३८. आमचा धाकटा उन्हाळ्यात ४४ च्या जरा खाली होता. नोव्हेंबरपर्यंत तो किती वाढेल, यावर सहा माणसांचा एक दिवस बेतायचा होता. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा करून झाल्या. जाड तळाचे बूट घ्यावेत का, यावर घरात गंभीर चर्चा झाली. शेवटी उंची भरली आणि तो रांगेच्या तोंडाशी पोचल्यावर म्हणाला, "मला नाही बसायचं." पाच वर्षांच्या मुलाला हा हक्क आहे. वेळापत्रकात मात्र त्याच्यासाठी रकाना नव्हता. रायडर स्विच नावाची सोय आहे म्हणून बरं. एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा बसून येतो, मग अदलाबदल, पुन्हा पूर्ण रांग न लावता.

हे असं का झालं, हे जुने लोक सांगतात ते ऐकण्यासारखं आहे. १९९९ मध्ये छोट्या रांगेचा फास्टपास आला तेव्हा तो फुकट होता. राइडपाशी जायचं, यंत्रातून कागदाची चिठ्ठी घ्यायची, त्यावर लिहिलेल्या वेळी परत यायचं. २०१४ च्या सुमारास तो मनगटी पट्ट्यावर आणि अ‍ॅपवर गेला आणि हॉटेलवाल्यांसाठी ६० दिवस आधी, बाकीच्यांसाठी ३० दिवस आधी बुकिंग सुरू झालं. जेवणाची टेबलं तर तेव्हा १८० दिवस आधी धरायची! करोनात सगळं बंद पडलं. २०२० च्या जुलैत पार्क उघडले ते कुठल्या दिवशी कुठल्या पार्कात जाणार याचं वेगळं आरक्षण घेऊनच. तारखेच्या तिकिटांवरची ही अट २०२४ च्या जानेवारीत गेली. मधल्या काळात, २०२१ च्या ऑक्टोबरात, फास्टपासच्या जागी जिनी प्लस आलं. त्यात आधीपासून काहीच धरायचं नव्हतं, सगळं त्याच दिवशी सकाळी ७ वाजता. तर लोक वैतागले, सुट्टीवर येऊनही गजर लावून उठायचं का म्हणून. मग २४ जुलै २०२४ पासून लाइटनिंग लेन पुन्हा आगाऊ सुरू झाली, या वेळी पैसे घेऊन.

म्हणजे आधी धरायचं नसलं तरी वैताग, धरायचं असलं तरी वैताग. त्याला कारण आहे. राइडमध्ये तासाला जेवढी माणसं बसू शकतात तेवढीच बसणार. हॉन्टेड मॅन्शनच्या गाड्या न थांबता फिरत राहतात, ती गर्दी गिळून टाकते. पीटर पॅन १९७१ ची, पार्क उघडलं त्याच महिन्यातली. छोट्या छोट्या होड्या, एकेकीत मोजकी माणसं. तिथे पन्नास वर्षं रांग आहे आणि कुठलंही अ‍ॅप ती संपवू शकत नाही. छोट्या रांगेतून माणसं आत सोडली की साध्या रांगेतली तेवढी माणसं थांबतात, इतकंच. आगाऊ बुकिंगमुळे रांग कमी झालेली नाही, तिचा बराचसा भाग आता आपण घरी बसून लावतो. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी, पहाटे पावणेसहाला, चहा गार होईपर्यंत.

आणि ज्याने ही रांग लावायची नाही असं ठरवलं, त्याची पार्कातली रांग वाढते. म्हणून "आम्ही जाऊ तेव्हा बघू" म्हणणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पण सल्ला म्हणून तो देववत नाही. एका दिवसाचं, एका पार्कचं तिकीट २०२५ मध्ये ११९ डॉलरपासून नाताळातल्या मॅजिक किंगडमच्या १९९ डॉलरपर्यंत जात होतं. त्याला सहाने गुणा. एवढे पैसे भरून 'बघू' म्हणायला छाती लागते.

डिस्नीच्या बाहेरचे लोकही या काळजीवर पोट भरतात. एखादं टेबल कुणी सोडलं की लगेच कळवू, अशा जाहिरातीची एक सेवा मी पैसे भरून घेतली. नाव लिहीत नाही. निरोप यायचे, पण मी मीटिंगमधून बाहेर पडून फोन बघेपर्यंत टेबल गेलेलं असायचं. ज्यांना फोन सतत हातात ठेवता येतो त्यांना उपयोग होत असेल. मग विमान कंपनीने (तिचंही नाव नको) नूआर्कहून सकाळचं उड्डाण संध्याकाळवर ढकललं आणि पहिल्या रात्रीचं जेवण गेलं. एक तारीख हलली की खालची सगळी हलतात, आणि प्रत्येकीचे नियम वेगळे. नुसती खोली घेतली असेल तर ५ दिवस आधीपर्यंत रद्द करता येते, खोली-तिकीट एकत्र घेतलं तर ३० दिवस आधी ठरवावं लागतं. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, पण न वापरलेल्या तिकिटाची रक्कम पुढच्या तिकिटात वळती करून घेता येते. हे शेवटचं अनेकांना माहीत नसतं.

आता प्रत्यक्षात काय उपयोगी पडलं? गंमत अशी की सगळ्यात जास्त फायदा ज्याचा झाला त्याला काही बुकिंग लागत नाही. डिस्नीच्या हॉटेलात राहिलात तर रोज, चारही पार्कांत, इतरांच्या अर्धा तास आधी आत सोडतात. त्या अर्ध्या तासात जे जमलं ते नंतर दुपारभर जमलं नसतं. आई-बाबा पहाटे साडेचारला उठणारे, त्यांच्यामुळे हे सहज साधलं. दुसरं, काउंटरवरचं जेवण अ‍ॅपवरून त्याच वेळी मागवता येतं, आणि अ‍ॅनिमल किंगडम पार्कातल्या सातुली कँटीनमध्ये शाकाहारी माणसाचं व्यवस्थित भागतं. तिसरं, पार्कात घरचं खाणं नेता येतं. काचेच्या बाटल्या आणि दारू चालत नाही. बाबांचा चिवडा रोज पिशवीत होता आणि माझ्या शीटवरच्या निम्म्या जेवणांपेक्षा त्याचा खप जास्त झाला. संकष्टीला आईंनी राजगिऱ्याचे लाडू आणि केळी यांवर दिवस काढला, मजेत.

आधीपासून धरून ठेवल्याचं सार्थक झालं असं एकच जेवण: अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नीच्या हॉटेलातलं सना. आफ्रिकी आणि भारतीय चवींचं रेस्टॉरंट आहे, नान आणि इतर ब्रेडबरोबर नऊ प्रकारच्या चटण्या-लोणच्यांसारखी तोंडीलावणी देतात, आणि खिडकीबाहेर जिराफ. आई म्हणाल्या, "चटण्या बऱ्या आहेत, तिखट जरा कमी." कोल्हापूरच्या माणसाकडून याहून वरचं सर्टिफिकेट मिळत नसतं.

अ‍ॅपलाही एका गोष्टीचे गुण देते. ज्या राइडचा आपला पास आहे ती पावसाने किंवा बिघाडाने बंद पडली तर तो पास आपोआप वेळेच्या बंधनातून मोकळा होतो आणि तिथे नाही तर दुसऱ्या ठरावीक राइडवर चालतो. उन्हाळ्यात जाणाऱ्यांना याचा फार उपयोग होईल. फ्लोरिडात तेव्हा दुपारी वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड थांबवतातच.

आता मुख्य गैरसोय, जी कुठल्याच रिव्ह्यूत सापडली नाही. ज्याने आखणी केली तो माणूस सुट्टीवर जात नाही. बाकीचे पाचजण पार्कात होते, मी फोनमध्ये. एक पास वापरला की पुढचा लगेच धरायचा, नाही तर चांगल्या वेळा जातात. लेक परेड बघतेय आणि मी रकाने ताजे करतेय. नवरा म्हणाला, "दे तो फोन, मी बघतो." दिला. तासाभरात त्याने एपकॉट पार्कच्या दोन टोकांना दहा मिनिटांच्या अंतराने दोन राइड धरल्या. फोन परत घेतला. यात त्याची चूक नाही, ज्याच्या डोक्यात महिनाभर तो नकाशा आहे त्यालाच हे जमतं, आणि म्हणून ते कधीच दुसऱ्याकडे देता येत नाही.

युनिव्हर्सलचे पार्क तिथून गाडीने जवळच आहेत, आणि त्यांचा एक्स्प्रेस पास महाग असला तरी त्यावर वेळ लिहिलेली नसते. जायचं आणि छोट्या रांगेत उभं राहायचं. त्यांच्या तीन बड्या हॉटेलांत उतरलं तर दोन जुन्या पार्कांसाठी तो खोलीबरोबरच मिळतो. २०२५ च्या मे महिन्यात उघडलेल्या एपिक युनिव्हर्सला मात्र चालत नाही. डिस्नीनेही २०२४ च्या शेवटी तसा प्रीमियर पास काढला, प्रत्येक राइडला एकदा, हव्या त्या वेळी. सुरुवातीचा दर माणशी, दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर. म्हणजे आखणी न करण्याची सोय आहे, तिची किंमत तेवढी आहे.

पाचपैकी किती? अ‍ॅपला साडेतीन, पद्धतीला दोन. दोन मुलं आणि एक मोकळी सकाळ असलेल्या जोडप्याला हे जमून जाईल. तीन पिढ्या घेऊन जाणाऱ्यांनी हॉटेल डिस्नीचंच घ्यावं, दिवसाला एकच गोष्ट आधी धरावी आणि उरलेला दिवस रिकामा ठेवावा. आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर एक माहिती: व्हीलचेअर पार्कच्या दारातच भाड्याने मिळते. ती आधी बुक करता येत नाही, जो आधी येईल त्याला. बाबांसाठी ती रोज घेतली आणि रोज मिळाली.