क्रोशाचा टेबल रनर: उन्हाळ्यापासून थंडीपर्यंतच्या वापराचा अनुभव

एप्रिलमध्ये विणून पूर्ण झालेला क्रोशाचा टेबल रनर, म्हणजे टेबलाच्या मधोमध लांबीने अंथरायची पट्टी, आमच्या मुंबईच्या घरातील जेवणाच्या टेबलावर आता डिसेंबरपर्यंत येऊन पोहोचला आहे. रनर कसा विणावा हे सांगणारे लेखन आणि व्हिडिओ भरपूर मिळतात. विणून झाल्यावर तो या शहराच्या दमट हवेत, रोज तीन वेळा खाणेपिणे होणाऱ्या टेबलावर कसा टिकतो, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. माझे मत आधीच सांगून टाकते. रोजच्या वापरासाठी रनर विणायचा असेल, तर नक्षी निवडण्यापूर्वी तो धुणार कसा आणि वाळवणार कुठे, याचा विचार करावा.

टेबल चार खुर्च्यांचे, 4 फूट लांब आणि अडीच फूट रुंद, वरून सनमायका लावलेले आहे. रनरची रुंदी 25 सें.मी. ठेवली, कारण त्याहून रुंद केल्यास समोरासमोर बसणाऱ्यांची ताटे त्यावर चढतात. लांबी 146 सें.मी. आहे, म्हणजे दोन्ही टोकांना साधारण 12 सें.मी. झालर खाली लोंबते. चार पदरी मर्सराइझ्ड (प्रक्रिया करून चकाकी आणलेला) सुती दोरा आणि 1.75 मि.मी.ची स्टीलची सुई वापरली. मोतिया रंगाचे 26 चौकोन दोन-दोनच्या जोडीने जोडले आहेत आणि भोवती मोरपंखी रंगाची किनार आहे. सगळे मिळून 20 ग्रॅमचे आठ गुंडे लागले.

सलग पट्टी न विणता चौकोन जोडण्याचे कारण दुरुस्तीचे होते. सलग विणीत मधला एक टाका तुटला, की वरच्या ओळी ओघळू लागतात आणि दुरुस्ती ओळखू येतेच. चौकोन मात्र कडेचे जोड सोडवून बदलता येतो. सप्टेंबरमध्ये सुरीचे टोक लागून एका चौकोनाचे दोन खांब (उभे टाके) कापले गेले, तेव्हा तो चौकोन काढून त्याच लॉटच्या उरलेल्या दोऱ्याने नवा बसवला. धुऊन न झालेला नवा चौकोन पहिले काही आठवडे जरा उजळ दिसत होता, आता तो शोधावा लागतो. या पद्धतीचा तोटा म्हणजे दोऱ्याची टोके. 26 चौकोनांची 52 टोके लपवावी लागतात, आणि मर्सराइझ्ड दोरा गुळगुळीत असल्यामुळे टोक एकाच दिशेने ओवले तर धुताना सुटून वर येते. टोक एकदा पुढे आणि एकदा उलट असे किमान 5 सें.मी. ओवलेले बरे. हे काम कंटाळवाणे आहे, पण रनरचे आयुष्य त्यावरच ठरते.

दोऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण दुकानात मर्सराइझ्ड आणि साधे असे दोन प्रकारचे सुती दोरे शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि गुंड्यावरून फरक चटकन कळत नाही. सूत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढले की त्याचे तंतू फुगून गोलसर होतात, हे जॉन मर्सर यांना 1844 मध्ये आढळले. तेच सूत ताणून धरून ही प्रक्रिया केली की चकाकी येते, हे होरेस लो यांनी 1890 च्या सुमारास दाखवून दिले. अशा सुताची ताकद वाढते आणि ते रंगही अधिक चांगला धरते. माझ्या वापरात याचा प्रत्यय दोन ठिकाणी आला. मोरपंखी किनार इतक्या धुण्यांनंतरही फिकी पडलेली नाही, आणि वरच्या पृष्ठभागावर लव किंवा गोळे आलेले नाहीत. याच टेबलावरचे साध्या सुताचे विणलेले कोस्टर मात्र ताटे-पेले सरकून सरकून केसाळ झाले आहेत. गडद रंगाचा दोरा घेतल्यास विणण्याआधी वीतभर तुकडा भिजवून पांढऱ्या कापडात दाबून पाहावा. रंग उतरणारा दोरा मोतिया रंगाशेजारी वापरू नये.

सासूबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, “अगं, ही रुखवतात मांडायची वस्तू, जेवणाच्या टेबलावर कशाला?” त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. आपल्याकडे क्रोशाची तोरणे, रुमाल आणि टीव्हीवरची आच्छादने मुख्यतः पाहण्यासाठीच विणली गेली, त्यांवर आमटी सांडण्याचा प्रसंग क्वचितच यायचा. जाळी जितकी मोठी, तितकी ती शोभिवंत दिसते आणि तितकाच तिच्यात चिवडा अडकतो. माझ्या चौकोनांत मधले फूल दाट खांबांचे आहे आणि जाळी फक्त कोपऱ्यांत आहे, तरीही बारीक शेव नेमकी त्या कोपऱ्यांत, साखळीच्या कमानीखाली जाऊन बसते आणि ओल्या फडक्याने पुसली तर तिथेच भिजून चिकटते. रनर उचलून बाल्कनीत झटकणे हाच उपाय आहे. अननसाच्या आकाराची मोठ्या जाळीची नक्षी मलाही फार आवडते, पण ती बैठकीच्या टीपॉयवर किंवा शोकेसवर शोभेल. जेवणाच्या टेबलावर मी ती सुचवणार नाही.

रनर असला की गरम भांड्यांपासून टेबल वाचते, असा एक गैरसमज सर्रास आढळतो. जाळीदार विणीतून उष्णता सरळ खाली जाते, त्यामुळे रनरवर कुकर किंवा कढई ठेवली तर सनमायका वाचत नाही. स्टँड लागतोच. ॲक्रिलिक लोकरीचा रनर असेल तर तो वितळून टेबलाला चिकटण्याचीही भीती असते. सुती रनर निदान वितळत नाही.

हळदीच्या डागांनी मात्र पावसाळ्यात खरी परीक्षा पाहिली. वरणाचा थेंब पडला आणि साबण लावला, की पिवळा डाग क्षणात लालसर होतो. हळदीतला रंग अल्कलीत असाच बदलतो, त्यामुळे घाबरून आणखी घासण्यात अर्थ नसतो. हा रंग उन्हात उडतो, हे आपल्याकडच्या बहुतेक घरांत ठाऊक आहे. अडचण एवढीच, की जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणायचे कुठून? गणपतीत पाहुणे आले तेव्हाही तीन-चार फिकट पिवळे ठिपके रनरवर होते. ऑक्टोबरचे ऊन सुरू झाल्यावर ओला रनर दुपारभर खिडकीत पसरला आणि ते ठिपके जवळजवळ दिसेनासे झाले. ब्लीच वापरू नये, कारण सूत कमजोर होते. पांढरेपणा वाढवणाऱ्या पावडरीही टाळाव्यात, कारण त्यांच्या निळसर झाकेने मोतिया रंगाची ऊब जाते.

वाळवण्याचा प्रश्न मुंबईच्या घरांत सर्वांत अवघड आहे. ओला सुती रनर बराच जड होतो आणि दांडीवर टाकला तर स्वतःच्या वजनाने लांब व अरुंद होतो, म्हणून तो आडवाच वाळवावा लागतो. एवढी मोकळी सपाट जागा आमच्याकडे फक्त पलंगावर आहे, आणि तीही रात्री हवी असते. मी रनर आधी जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबते, मग पलंगावर दुसऱ्या टॉवेलवर पसरून चौकोन हाताने ओढून सरळ करते आणि पंखा लावते. उन्हाळ्यात हे दुपारभरात आटोपते, पावसाळ्यात रात्रभर खुर्च्यांच्या पाठींवर आडवा ठेवूनही तो सकाळी दमटच लागतो. टाचण्या लावायच्या असतील तर न गंजणाऱ्याच घ्याव्यात, कारण गंजाचा डाग उन्हाने जात नाही.

खळ घालण्याचा सल्ला अनेक जणी देतात. साबुदाण्याच्या पातळ खळीने रनर खरोखरच नव्यासारखा ताठ बसतो, यात वाद नाही. पण जून ते सप्टेंबर ही खळ म्हणजे बुरशीला आणि कसरीला दिलेले आमंत्रण आहे. आमचे टेबल एका बाजूने भिंतीला टेकलेले असल्यामुळे त्या टोकाची झालर भिंत आणि टेबल यांच्यामध्ये दाबली जाते. पावसाळ्यात भिंतीला ओल येताच तिथे कुबट वास येऊ लागला, तेव्हापासून ते टोक टेबलावरच दुमडून ठेवते. दिवाळीत पहिल्यांदा खळ घातली आणि उलट बाजूने, टॉवेलवर पालथा टाकून इस्त्री केली. असे केल्याने फुलांचा उठाव चेपत नाही.

वेळ नसल्यामुळे विकत घेऊ पाहणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. खरे क्रोशेकाम अजूनही सुईने आणि हातानेच होते. बाजारात स्वस्तात मिळणारी जाळी बहुधा यंत्रावरची लेस असते. हातकाम हवे असेल तर आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या क्रोशे लेसचा विचार करता येईल, तिला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. घेताना उलट बाजू पाहावी आणि टोके कशी लपवली आहेत ते तपासावे.

टेबल काचेचे असेल तर रनर सारखा सरकतो, तेव्हा खाली घसरण न होणाऱ्या चटईची पातळ पट्टी कापून ठेवावी. सनमायकावर तो सरकतो, पण त्रास होण्याइतका नाही. भिंतीला टेकलेल्या टेबलासाठी मी पुढचा रनर एकाच टोकाला झालर ठेवून विणणार आहे, आणि किनारीसाठी दोऱ्याचा एक गुंडा जास्तीचा घेणार आहे.