कॉपर ऑक्सिक्लोराइड: गॅलरीतल्या गुलाबांवर एक पावसाळा

जून ते ऑक्टोबर मुंबईतल्या गॅलरीत कुंडीतल्या गुलाबांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकाची 50 टक्क्यांची भुकटी वापरली. पानांवरच्या काळ्या ठिपक्यांसाठी जरूर घ्या, मात्र ठिपका पडलेलं पान ती बरं करत नाही. ती पानावर बसते, आत शिरत नाही. म्हणून पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी, कोऱ्या पानांवर. जुलैत झाड बोडकं झाल्यावर पुडी उघडली तर निराशाच होणार.

प्रमाण लिटरला 3 ग्रॅम. चमच्याचा अंदाज नको, छोट्या वजनकाट्यावर तोला. आधी थोड्या पाण्यात पातळ पेस्ट करा, मग उरलेलं पाणी घालून फडक्यातून गाळा, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं. भुकटी तळाशी बसते, पंप सारखा हलवावा लागतो. स्टिकर, म्हणजे द्रावण पानाला चिकटवून ठेवणारं द्रव्य, मिसळाच. खालच्या पानांपासून सुरुवात, पानांची मागची बाजूही भिजवायची. 7 ते 10 दिवसांनी पुन्हा. जोरदार सरींनी धुऊन गेलं तर त्याआधीच. दिवसभर रिपरिप असेल तेव्हा मात्र नको. द्रावण तासन्‌तास ओलं राहिलं की तांबं जास्त सुटतं आणि कोवळी पानं करपतात.

खरी लढाई ओलाव्याशी आहे. काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीचे बीजाणू रुजायला पान साधारण 7 तास सलग ओलं राहावं लागतं, आणि आपल्याकडे जुलैत उघडीप असली तरी पानं लवकर वाळत नाहीत. कुंड्या ग्रिलच्या पावळीतून आत घ्या, दोन झाडांत हातभर अंतर ठेवा, मातीलगतची पानं काढून टाका. गळलेली पानं रोज उचला आणि कचऱ्यात टाका, घरच्या खतात नाही. एवढं केलं तरच फवारणीचे पैसे वसूल होतात.

सर्वांत चांगला उपयोग झाला फांदी शेंड्याकडून वाळत येते तेव्हा: हिरव्या भागात दोन इंच खाली तिरका काप, आणि कापावर याच भुकटीची घट्ट पेस्ट.

उणीव एक: तांबं कुंडीच्या मातीत साठत जातं, म्हणून फवारताना माती वर्तमानपत्राने झाकावी. गुलकंदासाठीच्या गुलाबांवर हे वापरू नका. डिसेंबरात येणाऱ्या भुरीला (पानांवरची पांढरी बुरशी) पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम, जास्त चांगलं. पण पारा 32 अंशांवर जाणार असेल त्या दिवशी, किंवा नीमतेल मारून दोन आठवडे झाले नसतील तर, गंधकाला हात लावू नका. पानं जळतात.