‘सिव्हिल राइट्स क्वीन’: न्यायमूर्ती कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांचे वाचायलाच हवे असे चरित्र

अमेरिकेच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीचे हे इंग्रजी चरित्र विधी-इतिहासकार टोमिको ब्राउन-नेगिन यांनी लिहिले असून ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मॉटली यांच्याविषयी नितांत आदर बाळगूनही लेखिका त्यांना देव्हाऱ्यात बसवत नाही, आणि मला हे पुस्तक आवडण्याचे मुख्य कारण हेच आहे.

नेव्हिस बेटावरून न्यू हेवनला आलेल्या कुटुंबात १९२१ साली जन्मलेली ही मुलगी बारा भावंडांतली नववी. वडील येल विद्यापीठाच्या परिसरात स्वयंपाकी. शिक्षणाचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता; एका सभेतले तिचे परखड भाषण ऐकून क्लॅरेन्स ब्लेकस्ली या गोऱ्या उद्योजकाने तो उचलला. पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी न्यायालयात लढणाऱ्या ‘एनएएसीपी लीगल डिफेन्स फंड’ या संस्थेत, तिचे प्रमुख थर्गुड मार्शल यांच्या हाताखाली वकिली करताना मॉटली यांनी शाळांमधील वर्णभेदाविरुद्धच्या ‘ब्राउन’ खटल्याच्या मूळ फिर्यादीचा मसुदा लिहिला, १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला गोऱ्यांपुरत्याच असलेल्या मिसिसिपी विद्यापीठाचे दार उघडून दिले आणि सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद केलेल्या दहापैकी नऊ खटले जिंकले. एवढे कर्तृत्व असतानाही १९६१ मध्ये मार्शल यांच्यानंतरचे संस्थेचे प्रमुखपद त्यांना न मिळता जॅक ग्रीनबर्ग या गोऱ्या सहकाऱ्याला मिळाले. हा अन्याय लेखिकेने झाकलेला नाही, हे फार बरे केले.

पुस्तकाचा खरा कस लागतो तो १९६६ नंतरच्या भागात. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्या वर्षी जानेवारीत संघीय न्यायाधीशपदासाठी मॉटली यांचे नाव सुचवले, मिसिसिपीचे सिनेटर ईस्टलँड यांनी कम्युनिस्ट असल्याचा आरोप करून ते अडवून धरले आणि ऑगस्टअखेर मंजुरी मिळाली. पण न्यायासनावर बसल्यावर चळवळीतल्या वकिलाने कसे वागायचे? स्त्रियांना डावलल्याचा आरोप असलेल्या एका बड्या वकिली संस्थेने १९७५ मध्ये, न्यायाधीश स्वतः कृष्णवर्णीय स्त्री असल्याने त्यांनी खटल्यातून बाजूला व्हावे, अशी मागणी केली. वंश, लिंग किंवा पार्श्वभूमी हीच अपात्रता ठरली, तर या न्यायालयातल्या एकाही न्यायाधीशाला हा खटला चालवता येणार नाही, असे उत्तर देऊन मॉटली यांनी ती फेटाळली. त्याच मॉटली इतर अनेक खटल्यांत सावध राहिल्या आणि भेदभावाची तक्रार घेऊन आलेल्यांच्या विरोधातही त्यांनी निकाल दिले. जुन्या सहकाऱ्यांना खुपेल असा हा भाग लेखिकेने पुराव्यानिशी मांडला आहे, आणि माझ्या मते पुस्तकातला सर्वांत मोलाचा भागही हाच आहे.

उणीव सांगायची तर, मॉटली मुळातच अबोल असल्याने पत्नी आणि आई म्हणून त्या फारशा हाती लागत नाहीत. शिवाय खटल्यांची कायदेशीर गुंतागुंत अमेरिकी न्यायव्यवस्थेची ओळख नसलेल्या वाचकाला अधूनमधून जड जाते. तरीही कायद्याच्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः विद्यार्थिनींनी, हे पुस्तक विकत घेऊन वाचावे, आणि वेळ कमी असेल तर न्यायाधीशपदाची प्रकरणे आधी वाचावीत.