जाईच्या वासाचं रिटर्न गिफ्ट आणि दोनदा गेलेले ४८००

लग्नाचं रिटर्न गिफ्ट कोणी घरी करत असाल तर हे जरा वाचा, मी शहाणी समजत होते स्वतःला म्हणून लिहितेय.

भाचीचं लग्न डिसेंबरात, गोव्यात फोंड्याच्या बाजूला हॉल. म्हाळसा आमची कुलदेवता, लहानपणापासून म्हार्दोळच्या तिच्या देवळात जाईची फुलं बघत आलेलो, त्यामुळे भाचीचा हट्ट की पाहुण्यांना स्टीलची वाटी नको, जाईच्या वासाचं काहीतरी दे, कपाटात ठेवलं की आमची आठवण येईल. मी मेणाच्या सुगंधी वड्या करायचं ठरवलं, ४० ग्रॅमची एक अशा १५०, वर वाळलेली फुलं चिकटवून रिबीन बांधायची. नुसतं सोय वॅक्स मऊ राहतं आणि आपल्याकडच्या हवेत तर बोटाचे ठसे उठतात म्हणून त्यात थोडं मधमाश्यांचं मेण. एकूण मेण सहा किलो, त्याच्या आठ टक्के जाईचं सुगंधी तेल धरलं तर जवळजवळ अर्धा किलो झालं की.

मेण मिळालं, तेलासाठी इन्स्टावर एकजण सापडला, कन्नौजचं, म्हणजे अत्तरांच्या गावचं, खानदानी काम म्हणे, सगळं शुद्ध. मी आधी १० मिलीचं सॅम्पल मागवलं, आणि काय वास होता तो! ताईने हुंगलं आणि म्हणाली अगं हे तर देवळातलंच. मग अर्ध्या लिटरची ऑर्डर, ४८०० रुपये, सगळे अ‍ॅडव्हान्स. बिल मागितलं तर म्हणाला दीदी माल के साथ आएगा.

इथेच मला कळायला हवं होतं. जाईचा नाजूक वास उकळत्या वाफेत नीट टिकत नाही, म्हणून फुलांतून सॉल्व्हंटने काढतात (कन्नौजला फुलं डेगमध्ये, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यात, उकळून चंदनाच्या तेलावर अत्तर ओढतात ते वेगळं, आणि तेही काही स्वस्त नाही), मूठभर तेलाला पोतीच्या पोती फुलं लागतात आणि किलोचा भाव लाखांत जातो. ४८०० मध्ये अर्धा लिटर शुद्ध कसं येईल? म्हापशाच्या बाजारात गजऱ्याचे पाच रुपये कमी करायला मी दहा मिनिटं उभी राहते आणि इथे हिशोबच केला नाही. बरं मला शुद्धच पाहिजे होतं असंही नाही, चांगलं फ्रॅग्रन्स ऑइल म्हणून विकलं असतं तरी घेतलं असतं.

पार्सल आलं लग्नाच्या आठ दिवस आधी, पाठवणाऱ्याचा पत्ता भलत्याच राज्यातला, बिल नाहीच. वास सॅम्पलसारखा पण पातळ, अगरबत्तीच्या रिकाम्या पुड्याला येतो तसा. वेळ नव्हता म्हणून ओतल्या ४० वड्या. सकाळी बघते तर प्रत्येक वडीला घाम, वर थेंब, खालचा कागद चिकट आणि वास गायब. मग बाटलीतलं चमचाभर पाण्यात टाकून बघितलं, खरं तेल वर तरंगलं असतं, हे बहुतेक सगळं पाण्यात विरघळून गेलं. ओळखीतली एकजण साबण करते, ती म्हणाली डीपीजी घातलंय, अत्तर पातळ करायला वापरतात ते, मेणात ते मिसळत नाही म्हणून बाहेर येतंय. म्हणजे सॅम्पल खरं आणि ऑर्डर ही असली. सॅम्पल आणि बाटली दोन्ही एकेक थेंब पाण्यात टाकून शेजारी शेजारी बघितलं असतं तर मेण तरी वाचलं असतं.

आता खरी गंमत. त्याला फोटो पाठवले तर भांडला नाही, उलट सॉरी सॉरी दीदी, पूर्ण रिफंड देतो, क्यूआर पाठवतो स्कॅन करा. रक्कम आधीच भरलेली, ४८००. मी मेणाच्या हातांनी स्कॅन केला आणि पिन टाकला. गेले अजून ४८००! तो म्हणतो उलटं झालं, परत करा दोन्ही एकदम येतील, आणि मी करणारच होते, ह्यांनी हातातून फोन ओढून घेतला. पैसे यायला पिन लागतच नाही हे मीच माझ्या सासूबाईंना शिकवलेलं आहे.

मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, बँकेला कळवलं, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, ट्रान्झॅक्शन नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट होते म्हणून बरं, कारण संध्याकाळपर्यंत त्याने मला ब्लॉक केलं. पैसे अजून आलेले नाहीत. १९३० ला जेवढ्या लवकर कळवाल तेवढं पुढच्या खात्यात अडवता येतं म्हणतात, मी लाजेने आधी दोन तास कुठे कळवलंच नाही, ते दोन तास मला अजून खुपतात.

लग्नाला शेवटी गंध्याच्या दुकानातून वाळ्याच्या मुळ्या आणल्या, खणाच्या छोट्या पोटल्या शिवल्या, आत थोडी कापूरकाचरी (सुवासिक मुळी), चार बायका दोन रात्री बसलो. लोकांना आवडल्या, एक काकू तर दोन घेऊन गेल्या. भाची मात्र अजून विचारते, मावशी, जाईचं काय झालं?

परवा तेच फोटो नव्या नावाच्या पेजवर दिसले, बाटली धरलेला तोच हात, तीच अंगठी. रिपोर्ट केलंय.